शब्द थोडे बदलावेत

आमचे भाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ, दातांचे डॉक्टर आहेत. इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचा दवाखाना, दवाखान्याच्या डोक्यावर त्यांचं घर, आणि त्यांच्या डोक्यावर आम्ही. सकाळी खालून पहिली किंकाळी आली की दवाखाना उघडला असं मी समजते आणि दूध तापत ठेवते.

माणूस इतका गोड की त्या पेशाला शोभत नाही. आयुष्यात त्यांनी कशालाही वाईट म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. किडलेल्या दाढेकडे पाहूनसुद्धा ते आधी 'छान' म्हणतात, मग उपटतात. नवा रंग दिलेला जिना छान, जिन्यात सांडलेला रंगही छान. जाऊबाईंनी लग्नानंतरची पहिली वर्षं ह्या 'छान'वर सुखात काढली. मग त्यांना संशय यायला लागला. एक दिवस त्यांनी मुद्दाम बिनमिठाची भाजी वाढली. भाऊजी जेवले, 'छान' म्हणाले आणि हात धुवायला उठले.

"ताई, त्या दिवशी मला उमगलं," जाऊबाई मला म्हणाल्या. "ह्यांचं छान म्हणजे ढेकर. आपला आपण येतो. त्यात माझा काही संबंध नाही."

त्यांना एकच मुलगी. घरीदारी तिला सगळे खारू म्हणतात, कारण लहानपणापासून ती खारीसारख्या वस्तू साठवायची. फुटके दिवे, बंद पडलेली घड्याळं, कोणाच्या तरी दाराची पितळी मूठ. तिच्या चित्रांना, तिच्या मातीच्या हत्तींना, तिने स्वतःच कापलेल्या केसांना भाऊजी छानच म्हणत आले. शिकून सवरून खारूने साठवण्याचाच धंदा केला. सिनेमातली घरं कोणीतरी मांडायची असतात. पडदे, दिवे, खुर्च्या, खुर्च्यांवरची धूळसुद्धा. ते काम करणाऱ्या एका नावाजलेल्या बाईंच्या हाताखाली ती लागली. त्यांना सगळे मॅडम म्हणतात आणि वचकून असतात. पहिल्याच सिनेमात खारूच्या वाट्याला नायिकेचं घर आलं, आणि मॅडमनी सांगितलं, "घर लोकांच्या नजरेत भरलं तर पुढच्या कामाला तू माझ्याबरोबर. नाही भरलं तर तू मोकळी आणि मीही."

पणाला लागलेलं होतं ते एवढंच. पण भाऊजींच्या घरात ते छताच्या पंख्यासारखं सगळ्यांच्या डोक्यावर गरगरत होतं.

सिनेमा 'शैलीदार' होता. शब्द माझा नव्हे, जाहिरातीतला. प्रेमकथा, तिच्यात खून, खुनाच्या पोटात पुन्हा प्रेमकथा. नायिकेचं जुन्या दिव्यांचं दुकान असतं आणि तिचा भागीदार मरून पडतो. विमा कंपनीचा तपासनीस तिच्यावर संशय घ्यायला येतो आणि प्रेमात पडतो. दोन्ही कामं तो डोळे बारीक करूनच करतो, त्यामुळे कुठलं कधी चाललंय ते कळत नाही. नायिका जेवत नाही. तिच्या फ्रिजमध्ये एक लिंबू आणि एक बाटली. जमिनीवरचं रक्त ती पांढऱ्याशुभ्र टॉवेलने पुसते, टॉवेल तिथेच टाकते आणि खिडकीशी जाऊन उभी राहते. माझ्या शेजारी जाऊबाई पुटपुटल्या, "आधी गार पाण्यात घाल गं बाई तो." आणि हे सगळं अंधारात. बाईचं दुकान दिव्यांचं, पण घरात उजेड म्हणून औषधाला नाही.

सिनेमा संपला तरी आम्ही उठलो नाही. पडद्यावर नावं वर वर सरकत होती, नायकापासून गाडी चालवणाऱ्यापर्यंत. खारूचं नाव आलं तेव्हा थिएटरमध्ये आम्ही दोन जोडपी आणि झाडू घेऊन आलेली बाई एवढेच होतो. भाऊजी उभे राहून टाळ्या वाजवू लागले. झाडणाऱ्या बाईला वाटलं आपल्यासाठीच. तिने संकोचून मान लववली आणि पुढची रांग जरा जास्तच मन लावून झाडली.

"कसा वाटला, बाबा?" खारूने घरी आल्यावर विचारलं.

"छान."

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं.

मोबाइलवर एक जागा आहे, तिथे प्रेक्षक सिनेमाला तारे देतात आणि खाली आपलं मत लिहितात. भाऊजी तिथे कधी फिरकले नव्हते. आता एक पेशंट उठून दुसरा बसेपर्यंत ते तेच वाचत बसायला लागले. मी चहा घेऊन खाली गेले की मलाही ऐकवायचे. एकाने लिहिलं होतं, "देखणा सिनेमा. बाकी नुसता धूर." दुसरा म्हणे, "खून कोणी केला ते राहू द्या, कोणाचा झाला तेच दिसलं नाही. तिकिटाबरोबर बॅटरी द्यावी." कोणी पाच तारे देऊन नायकाचा कोट कुठे मिळेल ते विचारत होतं. कोणी एकच तारा दिला होता, कारण पुढच्या रांगेतल्या माणसाचं डोकं मोठं होतं. एक गृहस्थ लिहीत होते, "बायकोला आवडला. मला बायको आवडते. चार तारे."

इथपर्यंत भाऊजी हसत होते. मग 'स्पष्टवक्ता' नावाच्या कोणीतरी लिहिलं, "नायिकेचं घर? घर कसलं, फर्निचरचं दुकान. बघून किंमत विचारावीशी वाटते, राहावंसं वाटत नाही."

त्या दिवशी भाऊजींनी एका पेशंटला छान म्हटलं नाही. पेशंट इतका धास्तावला की दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊन खात्री करून आला.

"वहिनी, हा माणूस कोण असेल?" ते मला म्हणाले.

"कोणी का असेना. हजार लोकांत एकाचं मत."

"पण मॅडमनी वाचलं तर?"

"मग तुम्ही तुमचं लिहा."

ते विचारात पडले, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

आता आमच्या इमारतीची एक रीत सांगायला हवी. मोबाइलवर सगळ्या बिऱ्हाडांचा एक ग्रुप आहे. त्यावर पहिला माणूस जे लिहितो तेच बाकीचे उचलून जसंच्या तसं खाली चिकटवतात. वाढदिवस असो की कोणी गेलेलं असो, मजकूर एकच, नावं वेगवेगळी. वाचायची पद्धत नाही. वाचत बसलं तर आपला नंबर मागे जातो. मागे एकदा चेअरमनसाहेबांच्या वाढदिवशी कोणाचा तरी अंगठा चुकीच्या जागी पडला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीने चेअरमनच्या आत्म्याला शांती चिंतली. चेअरमनसाहेबांनीसुद्धा तोच मजकूर चिकटवला आणि वर हात जोडले.

अशा ग्रुपवर भाऊजींनी हे पाठवलं:

"अत्यंत उत्कृष्ट चित्रपट. कथा, अभिनय, संगीत सर्व छान. विशेषतः नायिकेच्या घराची सजावट केवळ अप्रतिम. पडदे व दिवे निवडणाऱ्या हातांना सलाम. सहकुटुंब पाहावा. पाच तारे. (वरील मजकूर टाकताना शब्द थोडे बदलावेत, म्हणजे संशय येणार नाही. सजावटीचा उल्लेख मात्र गाळू नये.)"

इमारत कामाला लागली. डॉक्टरांच्या मुलीचा प्रश्न. कोणाच्या ना कोणाच्या दाढेवर त्यांचा हात फिरलेलाच. दुपारपर्यंत सगळ्यांनी पाच पाच तारे देऊन मजकूर चिकटवला. कंसासकट. पहिल्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाईंनी दोन स्वल्पविराम आणि एक वेलांटी सुधारली आणि कंस तसाच ठेवला. चेअरमनसाहेब सूचना पाळणारे, त्यांनी 'सलाम'च्या जागी 'प्रणाम' केलं आणि कंस तसाच ठेवला. आमच्या ह्यांनी तर तोच मजकूर दोनदा टाकला, कारण पहिला लगेच दिसला नाही.

दोन दिवसांत त्या सगळ्या मतांचा कंसासकट फोटो मोबाइलवरून गावभर फिरला. ज्यांनी सिनेमा पाहिला नव्हता तेही लिहायला लागले. "अत्यंत उत्कृष्ट पडदे. मधूनमधून चित्रपटही येतो." "सिनेमातल्या खुनाचा तपास लागेना, हा कट मात्र लगेच उघडकीला आला." "ह्या इमारतीवर सिनेमा काढा, पहिल्या दिवशी बघू." दुकानातला पोरगासुद्धा पिशवी हातात देताना गिऱ्हाइकाला म्हणायचा, "शब्द थोडे बदलावेत." सगळ्यात मोठा हशा त्या घराचा झाला, कारण प्रत्येक मतात तेच होतं. घर लोकांच्या नजरेत भरलं होतं, पण डोळ्यात कचरा जावा तसं.

रविवारी दुपारी खारू आली. चप्पल काढली, जोडीने नीट ठेवली आणि आत येऊन बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी आणि जाऊबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या.

"तुम्ही लिहिलंत?"

"मजकूर माझा," भाऊजी म्हणाले. "कंस चिकटवायला मी सांगितलं नव्हतं."

"निर्मात्यांना वाटतंय मॅडमनी पैसे देऊन लिहून घेतलं. मॅडमना वाटतंय मी. मॅडमनी विचारलं, मत लिहिणाऱ्यांत हे डॉक्टर कोण? मी काय सांगू?"

"वडील आहेत म्हणून सांगायचं. वडिलांना अभिमान असतो."

"कशाचा? तुम्ही सिनेमा पाहिलात का, बाबा?"

"दोनदा पाहिला."

"खून कोणी केला?"

भाऊजींनी जाऊबाईंकडे पाहिलं. जाऊबाईंनी छताकडे पाहिलं.

"तो कोटवाला," भाऊजी म्हणाले.

"तो तपासनीस आहे."

"मग ती बाई."

"मग? तुम्ही ठरवा आणि मला कळवा."

"अगं, मी गोष्ट कुठे बघत होतो," भाऊजी कळवळून म्हणाले. "मी तुझ्या वस्तू बघत होतो. तो निळा दिवा आपल्या माळ्यावरचा होता ना? त्याला शेड नवी घातलीस. मी सगळा वेळ तो कोपरा बघत होतो. त्याच्या पुढ्यात कोण मरतंय ते कोण बघणार."

खारूचा राग तिथे क्षणभर अडखळला असावा. पण तिने तोंड फिरवलं आणि मॅडमचा निरोप सांगितला. त्यात दोन गोष्टी होत्या. सगळी खोटी मतं ताबडतोब काढायची. आणि पुढच्या सोमवारी खारूने येऊन मॅडमना सांगायचं की लोक त्या घराला का हसतात, घरात चुकलंय काय. "तुझं तुला दिसलं तर ये," मॅडम म्हणाल्या होत्या, "नाही दिसलं तर येऊ नकोस."

"काही चुकलेलं नाहीये," खारू म्हणाली. "मी तीन महिने ते घर लावलंय."

"छानच होतं," भाऊजी म्हणाले आणि जाऊबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते उठून खाली दवाखान्यात गेले. रविवार असून.

मतं काढायची कशी, हे मात्र कोणालाच येईना. पुसण्याची सोय नव्हती. फक्त जुनं मत बदलून नवं लिहिता येत होतं. मग खारू आणि मी दारोदार निघालो. तुमचं जे खरं मत असेल ते लिहा, एवढंच मागणं. इमारतीवर असा प्रसंग कधी आला नव्हता.

"माझं मत?" चेअरमनसाहेब म्हणाले. "बाकीच्यांनी काय लिहिलंय?"

"ते नाही, काका. तुम्हाला काय वाटलं ते."

"वाटलं म्हणजे, तसं ठीकच. पण लिहायचं काय?"

"ठीक वाटलं असं लिहा."

"नुसतं ठीक? बरं दिसेल का ते? तू नमुना दे, मी टाकतो."

खारूने भिंतीला टेकून डोळे मिटले. शेवटी चेअरमनसाहेबांनी बराच वेळ घेऊन लिहिलं, "मला झोप लागली. झोप चांगली लागली." आणि स्वतःच त्याकडे कौतुकाने बघत राहिले. मला वाटतं, एवढ्या वर्षांत त्यांनी ग्रुपबाहेर लिहिलेलं ते पहिलंच वाक्य.

एकदा त्यांनी लिहिल्यावर बांध फुटला. शिकवणीवाल्या बाईंनी निबंधच लिहिला. त्यांचं म्हणणं, अशा पुरुषाला नायिकेने पहिल्या भेटीतच दार लावून घ्यायला हवं होतं, विमा मिळो न मिळो. आमच्या ह्यांना शेवट कळला नव्हता आणि त्यांनी तो आपल्या मनाने लिहिला. तो मूळ शेवटापेक्षा बरा होता. आणि जाऊबाईंनी, ज्यांना लेकीच्या कामाबद्दल कोणी विचारलंच नव्हतं, लिहिलं: "घर सुंदर आहे. पण रक्ताचा टॉवेल भिजवायला त्या घरात मोरी नाही, बादली नाही. ती बाई आंघोळ कुठे करते? तिला तिथे कोणी राहू दिलेलं नाही."

खारूने ते वाचलं आणि आईवर भडकली. "प्रेमकथेत मोरी काय दाखवायची, आई?"

"नको दाखवूस. पण असायला हवी."

"तुला नाही कळायचं ते."

"नसेल कळत," जाऊबाई म्हणाल्या, "मी फक्त राहते घरात."

मतांची सरासरी धाडकन खाली आली, पण हशा थांबला. खोटं म्हणायला कोणाला जागाच उरली नाही. खारूचा प्रश्न मात्र होता तिथेच होता. आठवडाभर ती आपल्या खोलीत त्या घराचे फोटो जमिनीवर पसरून बसली. उठता बसता म्हणायची, सगळं बरोबर आहे. तिला सांगणार कोण? परक्यांनी सांगितलं तर ते जळतात, आईने सांगितलं तर तिला कळत नाही, आणि वडील छान म्हणतात.

भाऊजींनी तिच्याशी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. शुक्रवारी दुपारी दवाखान्याला कुलूप दिसलं. मला वाटलं तब्येत बिघडली. संध्याकाळी जिन्यात भेटले तेव्हा विचारलं.

"सिनेमाला गेलो होतो," ते हळूच म्हणाले.

"तोच?"

"तोच. ह्या वेळी गोष्ट बघितली." थोडं थांबून म्हणाले, "वहिनी, खून तिच्या बहिणीने केलाय."

"माहीत आहे मला."

"मला धक्काच बसला."

मी पुढे काही विचारणार, तर ते भराभर पायऱ्या चढून गेले. चेहरा असा, जसा दात दुखतोय पण सांगायची लाज वाटते अशा माणसाचा असतो.

शनिवारी सकाळी मी चहा घेऊन खाली निघाले, तर खारू जिन्यात बसलेली. तिला 'तूही चल' म्हटलं तर निमूट उठली. दवाखान्याचं दार अर्धवट उघडं होतं. आत खुर्चीवर चेअरमनसाहेब आडवे. त्यांच्या कवळीचं माप घ्यायचं होतं, म्हणून तोंडात गुलाबी लगदा भरलेला आणि तो सुकेपर्यंत भाऊजींनी दोन बोटांनी जबडा धरून ठेवलेला. भाऊजींची पाठ आमच्याकडे. आणि ते बोलत होते, इतकं भराभर की त्यांचाच आवाज का असा मला प्रश्न पडला.

"...कारण ती बाई चार वेळा कुलूप उघडून आत येते, साहेब. चारही वेळा किल्ली हातातच. ठेवायला जागाच नाही हो त्या घरात. किल्ली घेऊनच ती रडते, किल्ली घेऊनच त्या कोटवाल्याच्या गळ्यात पडते. मला एकसारखी ती किल्लीच टोचत होती. माणूस घरात शिरला की पहिलं काय करतो? हातातलं खाली ठेवतो. मग त्याला घरी आल्यासारखं वाटतं. माझी पोर इतकं सुंदर घर लावते आणि तिच्या लक्षात येत नाही की त्या बिचारीला हात मोकळे करायला जागा नाही. मला ते आवडलं नाही. हलू नका. मला अजिबात आवडलं नाही."

माझ्या हातातला कप बशीवर वाजला. भाऊजींनी मान वळवली आणि लेकीला पाहिलं. माणसाचा चेहरा इतक्या लवकर पांढरा होतो हे मी पहिल्यांदा पाहिलं.

"तसं नव्हे," ते म्हणाले. "तसं घर छान..."

"ते नका म्हणू," खारू म्हणाली. ती आत गेली, पेशंटच्या नातेवाइकांसाठी असतं ते स्टूल ओढलं आणि खुर्चीपाशी बसली. "दाराशी एक छोटं टेबल होतं. मीच काढलं. कॅमेऱ्याच्या चौकटीत गर्दी दिसत होती."

"मग चौकट मोठी करायची."

"ती माझ्या हातात नसते, बाबा."

"मग भिंतीला खिळा मारायचा. एक खिळा. त्याला कोण गर्दी म्हणेल?"

खारूने खिशातून घराचा फोटो काढून चेअरमनसाहेबांच्या छातीवरच्या रुमालावर मांडला. "खिळा कुठे मारला असतात?"

"दिसत नाहीये. चष्मा दे माझा. इथे. नाही, खाली. ती बुटकी आहे."

"आणि फ्रिज?"

"फ्रिजचं तर बोलूच नकोस. लिंबू कशाला? ती लिंबू कशावर पिळते?"

सोमवारी खारूने मॅडमना काय सांगितलं ते आम्हाला ठाऊक नाही. एवढं ठाऊक आहे की मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, खिळ्यापाशी आल्यावर "पुढे" म्हणाल्या आणि नव्या सिनेमाच्या घराचा नकाशा तिच्यापुढे टाकला. एक अट घातली. वडिलांनी तिच्या कुठल्याही सिनेमावर कुठेही एक अक्षर लिहायचं नाही.

पण ते सोमवारी. शनिवारी सकाळी ती दोघं एकमेकांचं तोंड चुकवत नव्हती, आवाज चढवत होती, आणि माझा चहा निवत होता. लगदा केव्हाच सुकला होता. ते कोणाच्याही ध्यानात नव्हतं. चेअरमनसाहेब छातीवर नायिकेचं घर घेऊन, आ वासून ऐकत होते. त्यांचंही काहीतरी मत झालं असावं, कारण मधेच त्यांनी एक बोट वर केलं.

"थांबा हो, साहेब," भाऊजी म्हणाले. "आम्ही बोलतोय."